काना

निवतीच्या बंदरावर फाटकी जाळी माझ्याकडे येतात.
केंडांनी कुरतडलेली, खडपात अडकलेली,
कधी रागाने कुणी कापलेली.
भोकाची कड बघून मी सांगतो:
दात वेगळा, दगड वेगळा, सुरी वेगळी.

भाविकाचा ताप मात्र मला ओळखता आला नाही.
तिसऱ्या दिवशी तिची मान वाकेना, उजेड सोसेना.
रुग्णवाहिका बांबोळीला निघाली, आणि पत्रादेवीच्या नाक्यावर
तिचा हात माझ्या हातात उडायला लागला.
चाळीस वर्षं जिती मासळी धरलेला हात माझा.
हे धरता येईना.

बावीस दिवस.
पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी
पेजेच्या निवळीसारखं धुरकट.
ताप उतरला. झटके राहिले.

"चप्पल हुंगवा तेका," शेजारची इंदुवयनी म्हणाली,
"आणि रवळनाथाक गाऱ्हाणा घाला."
गाऱ्हाणं घातलं.
चप्पल दाराबाहेरच ठेवली.

सिल्वेरा डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
चौकडी आखली. मला वाटलं, माझ्यासाठीच.
म्हणाल्या, अंगातच बनतं एक विकर, कापण्याचं काम त्याचं.
जंतू शिरले की पांढऱ्या पेशींना वाट हवी असते,
तेव्हा ते मधले धागे कापून देतं.
पण मेंदूत काही पेशींभोवती बारीक जाळं असतं,
त्यांना आवरून धरणारं.
कापणारा थांबलाच नाही तर तेही तुटतं,
मग पेशी उधळतात.
"असं झालं असेल. नक्की नाही सांगत,
अजून शोधताहेत."

मी विचारलं, हा विकार जाणार कसा?
उशीवरून भाविका म्हणाली,
"विकार न्हय बाबा, विकर.
काना नाय तेका."
नववीच्या पुस्तकात आहे म्हणे.
भाकरी पचते तीही असल्याच कुणामुळे.

एक काना.
होडीच्या काठीएवढीसुद्धा नाही ती रेघ.

मला आठवलं, वाऱ्याच्या दिवसांत
जाळं तळाला रुतलं, होडी एका अंगावर आली,
तेव्हा मीच सुरी काढली होती.
नवंकोरं जाळं गेलं. चौघे परत आलो.
ती सुरी अजून माझ्या कमरेला आहे.
नारळ सोलते, दोर तोडते,
एकदा अंगठाही कापला तिने.
तिच्यावर राग धरायला बसलो तर
कुठल्या दिवसापासून धरू?

गोळी सकाळी आठला, रात्री आठला.
झटका आला की कुशीवर वळवायचं,
तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं.
वहीत लिहितो: एक मिनिट दहा. एक मिनिट पस्तीस.
मागच्या महिन्याची दोन पानं कोरी आहेत.
कोऱ्या पानांवर मी बोट ठेवत नाही.

संध्याकाळी ती जाळ्याचं दुसरं टोक घेऊन बसते.
हात संथ झालाय, सुई मध्येच थांबते,
गाठ सैल बसते.
परवा तांडेल म्हणाला, ही गाठ धरायची नाय.
बघू, म्हटलं.
ताणून पाहिली नाही.