चारशे टक्के

रात्रीचे अकरा. एल आल्तोत नळ गोठायची वेळ.
शटर अर्धं ओढून मी बसलेय
सेवेरिनो केंताच्या एका फोटोसमोर,
पायाशी हीटर, मांडीवर मांजर,
आणि पडद्यावर दोन्या एर्मिनिया,
बाजारात इस्पी मासे तळून विकते ती.

तिची शाल नारिंगी. म्हणजे नारिंगीच.
ओरडत नाही, विटतही नाही.
हनुवटीवरचा एकेक केस मोजून घ्यावा.
टोपीच्या काठावर धुळीची रेघ,
तीसुद्धा जणू विंचरून बसवलेली.

माझ्याकडे तीच बाई, तीच शाल,
गेल्या मंगळवारी काढलेली.
क्लॅरिटी वाढवली तर चेहऱ्याचा चुन्यो झाला,
आमच्याकडे रात्री गोठवून, पायांनी तुडवून
उन्हात सुकवतात तो बटाटा.
कमी केली, मेणाची बाहुली.
सॅच्युरेशनला नुसतं बोट लावलं
तर नारिंगी उतू जाऊन गालांवर सांडलं.

त्याला विचारून पाहिलं होतं एका लग्नात,
दोन बिअर झाल्यावर.
गडी ताकाला तूर लागू देईना.
"प्रकाश चांगला असतो," म्हणाला,
आणि ताटली घेऊन नाचणाऱ्यांत शिरला.

प्रकाश! चार हजार मीटरवर
तो काय त्याच्या एकट्याच्या नावावर आहे?

मग उलट्या वाटेनं निघाले.
त्याच्या सावल्या काळ्या नाहीत, किंचित निळ्या,
शाईची बाटली विसळलेल्या पाण्यासारख्या.
मागचा हिरवा मारलेला.
कातडीतला लाल दोन घरं खाली.
म्हणजे रंग चढवलेच नव्हते त्यानं;
शालीच्या शेजारपाजाऱ्यांना
तेवढं गप्प केलं होतं.

मीही केलं. एक वाजला, मांजर उठून गेलं,
माझी एर्मिनिया सरकारी कागदावरचीच राहिली.

डोळ्यात तेल घालून बघणं म्हणतात,
ते आता तिच्याच डोळ्यात.
झूम शंभर. दोनशे. चारशे.
बुबुळात एक खिडकी:
चार तावदानं, एकावर पुठ्ठा.
खाली डावीकडे एक उजळ चौकोन, कडा दुमडलेला,
आणि तो धरून उभं कुणीतरी,
दहाबारा ठिपक्यांचं माणूस.
आणखी जवळ गेले तर त्याच्या विटा झाल्या.

सकाळी पाव आणायच्या निमित्तानं त्याच्या गल्लीत.
खिडकी होती. पुठ्ठा होता.
चौकोन म्हणजे शेजारच्या बेकरीतला ट्रे,
आणि तो दोन्ही हातांनी धरून त्याची सासू, दोन्या प्लासिदा,
समोरच्या गिऱ्हाइकाला आयमारात काहीतरी सांगत होती:
कुणाचा तरी लामा, कुणाच्या तरी वरातीत,
पुढचं बसच्या आवाजात बुडालं.
माणूस हसला, हसता हसता धापला
(इथं हसायलाही हवा पुरत नाही),
मग श्वास धरून थांबला.
ओठ मिटले, डोळे अजून त्या लामापाशी.
तेव्हा सेवेरिनोनं बटण दाबलं.

मला पाहून ओशाळला.
"शार्पनिंग पंचेचाळीस," आपणहून म्हणाला,
"रेडियस शून्य पॉइंट आठ. लिहून घे."
घेतलं लिहून, पावाच्या पिशवीवर.
दोन्या प्लासिदानं ट्रे खाली ठेवून
मनगटं चोळली.

दुकानात येऊन मी माझा फोटो उघडला.
चारशे टक्के.
एर्मिनियाच्या बुबुळात एक ट्यूबलाइट,
आणि मी,
डोक्याच्या जागी काळा ठोकळा.

धाकट्या भावाला हाक मारली.
ट्रे कुठला, पिठाच्या डब्याचं झाकण दिलं हातात.
"धर असं. आणि बोल काहीतरी."
"काय बोलू?"
दारात पासपोर्टचं गिऱ्हाईक उभं होतं,
केस ओले, टाय आवळलेला,
हसायचं नाही हे घरूनच ठरवून आलेलं.