चतुःसीमा

खरेदीखतात लिहिलंय:
पूर्वेस वीस फुटी बोळ, दक्षिणेस नाला,
उत्तरेस बंद पडलेली साबणाची वखार,
पश्चिमेस नरहरी दुडम यांचा कारखाना.
कारखाना म्हणजे पत्र्याखाली सहा यंत्रमाग
आणि दारात वाळत घातलेलं लालभडक सूत.

राहायला नाही घेतला.
राहते विजापूर रोडला, सासऱ्यांनी बांधलेल्या घरात.
पतसंस्थेत एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या ठेवींवर शिक्के मारले,
म्हटलं, आपलाही एखादा आकडा
आपण झोपल्यावर वाढत राहू दे.
दलाल म्हणाला, मॅडम, साखर पेठेला नाक मुरडू नका,
पाच वर्षांनी इथं नुसतं उभं राहायचे पैसे पडतील.
इमारतीचं नाव द लूम रेसिडेन्सी.
लॉबीत काचेच्या पेटीत एक जुना धोटा,
त्याखाली पितळी पट्टी,
पट्टीवर अजून काही कोरलेलं नाही.

हप्ता एकोणीस हजार चारशे, भाडं साडेनऊ,
पाणी पाचव्या दिवशी, मधले चार टँकरचे.
मी हे दर महिन्याला मांडते
आणि दर महिन्याला खाली लिहिते: पुढे बघू.

भाडेकरू दोघं पुण्याच्या कंपनीतले, काम घरूनच.
पहिल्याच आठवड्यात तन्वीचा फोन:
ताई, हे रात्रीसुद्धा थांबत नाही का?
काय, मी विचारलं.
तिनं फोन खिडकीबाहेर धरला.

माझं माहेर दाजी पेठेतलं.
तो आवाज थांबला की आम्हाला जाग यायची,
म्हणजे लाइट गेली.
तो ऐकू यायला मला फोन लागला.

सोसायटीचा अर्ज तयार आहे, महापालिकेला.
अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस सह्या.
बिराजदार सेक्रेटरी म्हणाले, शेड हलली
की फुटामागं चारशे तरी चढतील, आकडेमोड तुम्हाला काय सांगायची.
काही सांगायची गरज नव्हती.
मी ती आधीच करून ठेवली होती, पेन्सिलीनं.

तरी गेले दुडमांकडं.
का गेले, सांगता येत नाही.
माफी मागायला म्हणावं तर सही अजून केली नव्हती.
भुवयांवर कापसाची भुकटी बसलेला माणूस
मला कोपऱ्यात घेऊन गेला, देवाच्या फोटोमागून
त्याच अर्जाची झेरॉक्स काढली.
तुमची एकच ऱ्हायलीय म्हनं ताई, करून टाका की.
आम्ही तिघं भाऊ, दोघं विकायला तयार न्हाईत,
नोटीस आली तर होतील.
आणि हळूच, की मला तसं वाटलं, कारण सहाही माग चालू होते:
तुमच्या बिल्डरचा नंबर आहे का?

मी नंबर दिला.
काय करणार होते?

शेडच्या त्या टोकाला एक बाई कांड्या भरत होती.
हात चालू, नजर आमच्या तोंडावर.
तेव्हा आठवलं,
मागावरच्या बायकांना ऐकायची गरज नसते.
माझी आई मिलमध्ये अशीच
तीन रांगांपलीकडचं भांडण ओठांवरून वाचायची,
घरी येऊन ज्याचं त्याच्या आवाजात सांगायची.
या बाईनं सगळं वाचलं होतं,
नंबरचे दहाही आकडे.

मी निघाले तशी ती माझ्याकडं बघून काहीतरी बोलली,
आवाज न काढता, सवयीनं.
मला एकच शब्द कळला: किती.
पुढचा राहिला.
किती भाव,
किती दिवस,
का तुमच्याकडं धुण्याभांड्याला किती देतात.
आई असती तर सांगितलं असतं.

अर्ज पर्समध्ये आहे, मेंटेनन्सच्या पावत्यांत.
घडीवर लाल सुताचा एक तंतू चिकटलाय.
दोनदा झटकला.
बिराजदारांचा सकाळपासून तिसरा मिस्ड कॉल.
आज पाचवा दिवस, तिकडं पाणी आलं असेल.