अनुक्रमांक चारशे बारा

धुडकू आप्पाची सायकल
अजून पारोळ्याच्या ऑफिसबाहेर टेकलेली,
हँडलला खळीचा डबा, तळाशी वाळून कडक.

पोस्टर बकरीनं ओरबाडलं की म्हणायचा,
"खाऊ दे ना भो,
आपला आश्वासनवरी कोनं तरी पोट भरनं!"

साहेब आले, गेले. पक्ष फुटला दोनदा.
हा निराधारचे फॉर्म भरत राहिला,
समोरच्या पार्टीवाल्यांचेसुद्धा.
सही न येणाऱ्यांसाठी
खिशात शाईचं पॅड,
त्यानं सगळे सदरे जांभळे.

आज बूथवर
पोरानं यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं
आणि पेन्सिल थांबली.

पलीकडच्या टेबलावरचा,
त्यांचा एजंट, म्हणाला,
नको खोडू रे.
पाच वाजेपर्यंत तरी राहू दे.