मध्ये शून्य

काजळी म्हणा हवं तर.
साबणाच्या पाण्यात घोळली, बारीक छिद्रांच्या कागदावर ओढून घेतली,
वाळल्यावर सुटून आली कांद्याच्या आतल्या सालीसारखी.
काचेवर पसरून डोळ्यासमोर धरली
तर पलीकडचं उद्यमबाग दिसतं,
भट्ट्यांची धुराडी, पत्रे, सगळं जरा मळकट,
संध्याकाळ चुकून लवकर आल्यासारखं.

आत कोट्यवधी नळ्या. कार्बनच्या. पोकळ.
धारवाडहून सूक्ष्मदर्शकाचा फोटो आला तेव्हा
मी तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे तर आमच्या मागाखालचं," म्हणाले,
"झाडून काढायचं सोडून फोटो कशाला काढूलालीस?"
वडगावात चाळीस वर्षं ताणा-बाणा बघितलेल्या माणसाला
उभा नाही, आडवा नाही, असा धागा पटत नाही.
यातून वीज जाते, मी म्हटलं.
"गुंत्यातून?"
गुंत्यातूनच. जिथं एकमेकीला टेकतात तिथून तिथून,
बाजाराच्या दिवशी बोळातून सायकल काढावी तशी.

दोन टोकांना चांदीचा लेप, लेपाला तार, तार मीटरला.
शिवलीला हुक्केरी लेझरपाशी, मी आकड्यांपाशी.
झडप घ्यायला पैसे मंजूर झाले नव्हते, म्हणून
कुंद्याच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर अजून तुपाचा डाग.
आडवा धरला की अंधार, काढला की उजेड.
वहीत ती लिहायची बेळकु, कत्तलु,
मी लिहायचे उजेड, अंधार,
सर सही करताना दोन्ही वाचायचे
आणि एकही खोडायचे नाहीत.

दोन महिने बॅटरी लावून मोजलं.
उजेड पडला की आकडा हलायचा नाही, सरकायचा.
नळ्यांना बिलगलेला प्राणवायू उजेडानं उठतो खरा,
पण निघतो निघतो म्हणत उंबऱ्यावर
अर्धा तास बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
अंधार केल्यावर परत यायला त्याहून उशीर.
आम्ही डबे खाऊन यायचो, तो अजून वाटेत.

मग त्या गुरुवारी वीज गेली.
इन्व्हर्टरवर फक्त मीटर आणि लेझर.
पुठ्ठा काढला, आणि आकडा टुणकन उडाला.
"बॅटरी काढलीस?"
मघाशीच.
"मग हे काय दाखवूलालंय?"
नोडु, ती स्वतःलाच म्हणाली. बघ.

ठिपका डाव्या लेपाच्या काठावर: अधिक.
केसभर आत: कमी.
आणखी आत, आणखी कमी, आणि मध्ये शून्य.
कोरडं, निवांत शून्य, जणू उजेड पडलाच नाही.
पुढं सरकवत नेला तर उजव्या काठावर: वजा.
सगळ्या पट्टीवर एकसारखा उजेड ओतला
तर दोन्ही काठ एकमेकांना खाऊन टाकतात,
मीटर गप्प.
चांदी जिथं काजळीला लागते
तेवढ्या चिंचोळ्या जागेतच काय ते घडतं.

सरांचं म्हणणं, काठ तापतो,
ऊब गारव्याकडं निघते, जाताना विजेला सोबत नेते.
शिवलीलाचं म्हणणं, सांध्यावर उतार आधीपासूनच आहे,
उजेड नुसता धक्का देतो.
भांडण तीन चहा चाललं,
निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये,
आकडे मात्र इंग्रजीत.

घरी जाऊन सांगितलं, मधल्या भागात काही होत नाही.
बाबा सुपारी कातरत होते.
"मधल्यांना काय होणार," म्हणाले,
आणि भाव विचारायला कुणाला तरी फोन लावला.

आजचा नमुना उलटा निघालाय: डावीकडं वजा.
तारच उलटी लागली असेल.
नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.
पुठ्ठा पार मऊ पडलाय, नवा हवा.
त्यासाठी आधी कुंदा संपवावा लागेल.