पितृपक्षातला भाव

हर्णैच्या पुळणीवर तीस वर्षं मी बोली पुकारतो.
माझ्या घशातून भाव वर चढतो.
खाली कसा आणायचा, ते कुणी शिकवलं नव्हतं.

निघालो खेडला, हायवेवरच्या शोरूमात,
पितृपक्षातल्या मंगळवारी.
सुगंधा म्हणाली, या पंधरवड्यात कुणी चमचासुद्धा घेत नाही.
तेच तर, म्हटलं.
जेट्टीवर एकच गिऱ्हाईक उभं असलं
की सुरमईचा तोरा किती उतरतो, मी पाहिलाय.
ती आली, पण सोफ्यावर पाठ फिरवून बसली.

आत एसी, काच, आणि अशी फरशी
की चपला काढाव्यात का, क्षणभर कळेना.
निहाल मुकादम नावाचा पोरगा, टाय जरा तिरका,
सरबत घेऊन आला. कोकमाचं नव्हे, नारिंगी.
"काका, ऑन-रोड आठ लाख बेचाळीस. बेस्ट प्राइस."

मी ऐकलंच नाही.
कल्ले उघडून बघावेत तसं बॉनेट उघडायला लावलं,
चाकाशी उकिडवा बसून टायरवरचे आकडे वाचले,
दाराच्या चौकटीतली पट्टी वाचली.
गाडी फेब्रुवारीत जन्मलेली. आता भाद्रपद सरत आलेला.
अख्खा पावसाळा मागच्या आवारात उभी.
"झाकून ठेवली होती, काका."
बर्फातला मासा ताजा नसतो रे बाबा,
नुसता थंड असतो.

तो हसला नाही. वीस हजार उतरले.

मग कागद. मी चष्मा लावला.
हँडलिंग म्हणजे काय? कुणी हाताळली,
साडेबारा हजारांची?
विमा तुमच्याकडे एक्केचाळीस,
दापोलीत माझ्या साडूचा मुलगा एकतीसला देतो.
बुडाला गंज न धरण्याचा लेप, साडेआठ.
हे मात्र खरं. आमच्याकडचा खारा वारा
दाराची कडी खातो, देवापुढची समई हिरवी करतो.
लेप पाहिजेच.
पण तो तुम्ही द्यायचा, मी विकत घ्यायचा नाही.

"मॅनेजरसरांशी बोलून येतो," म्हणत
पोरगा केबिनमध्ये गेला.
काच काळी होती, पण दार अर्धं उघडं.
आत कुणीच नव्हतं. खुर्चीला एक जाकीट.
तो कूलरचं पाणी प्यायला, टाय सरळ केला,
घड्याळाकडे बघत दोन मिनिटं उभा राहिला
आणि चेहरा पाडून परत आला.
"सर फार चिडले. पण तुमच्यासाठी..."

मला राग यायला हवा होता.
पण मीही कितीदा पुकारलाय
मागच्या रांगेत नसलेल्या माणसाचा आकडा.

शेवटी सहा हजारांवर अडलं.
लिलावात मी ओरडणाऱ्याला भीत नाही,
हात मागे बांधून गप्प उभा असतो, त्याला भितो.
मी हात मागे बांधले.
बाहेरून गोव्याकडचे ट्रक गेले, एक, मग बरेच.
मनात मोजलं: एकवार. दोनवार.
सुगंधा उठली. "चला. चारची एसटी चुकेल."
तिला खरंच जायचं होतं,
म्हणूनच ते लागू पडलं.

सात लाख शहाण्णव. लेप फुकट.
आणि गाडी घटस्थापनेला सकाळी दारात:
ही अट तिची, पोराला दम देऊन घातलेली.

परवा संध्याकाळी निहाल पुळणीवर आला. टाय नव्हता.
आईला मोठी पापलेटं हवी होती.
भाव सांगितला.
"काका, काही कमी?"
थांब, म्हटलं, नाखव्याशी बोलून येतो.
नाखवा केव्हाच घरी गेला होता.
होडीच्या आडोशाला जाऊन बाटलीतलं पाणी प्यायलो,
दोन मिनिटं समुद्राकडे बघितलं,
चेहरा पाडला, वळलो.

पोरगा वाळूत उभा होता,
हात मागे बांधून.