हरकत क्रमांक दोनशे चौदा

हरिपूरचा पट्टा मीच पिवळा केला.
पिवळा म्हणजे रहिवास.
एक टिचकी, आणि ऊस गेला, बांध गेला,
दोन चिंचा गेल्या
ज्या नकाशात मुळात नव्हत्याच.

सन एकेचाळीसची लोकसंख्या
खालच्या तक्त्यात आधीच येऊन बसलीय.
जन्मायचीत अजून ती माणसं,
पण त्यांना बारा मीटरचा रस्ता आहे,
शाळेचं आरक्षण, बाग,
दफनभूमीसुद्धा.

सुनावणीला हौसाबाई जमदाडे आल्या.
पिशवीत सातबारा, नखं हळदीनं भरलेली.
"तुमच्या रस्त्याखाली माजं पेव हाय."
साहेबांनी उतारा चाळला.
विहीर नाही. बोअर नाही.
इतर हक्कात सोसायटीचा बोजा.
पेवाला रकाना नाही.

"पोकळ हाय वो ती जमीन.
तोंड एवढंसं, पोट खोलीयेवढं.
उतरायच्या आदी आमी कंदील सोडतो.
इझला, तर उतरत न्हाई.
तुमी काय सोडलं?"

साहेब म्हणाले, नोंद घेतली. पुढचे.

रात्री मी शीट पुन्हा उघडलं.
पूररेषेला निळा आहे, शेतीला हिरवा,
पोकळीला रंग सापडेना.
मग प्रिंटवर पेन्सिलीनं एक ठिपका दिला, दाबून.
एकास चार हजारच्या प्रमाणात
तेवढ्यात बाईंचं अख्खं पेव मावतं.

मंजूर प्रतीत तो नाही.
पुण्यात कुणीतरी
माशीची घाण समजून खोडला असेल.
चांगला खोडलाय.
खाली पिवळा जराही फाटलेला नाही.