चूकभूल

लिमाच्या चौकात दुपारपासून घोषणा.
तेओफिला आत्या आयाकुचोहून रात्रभर बसमधून आलेली,
पाय सुजलेले. मी फलक हातात दिला,
तिनं तो खाली अंथरला, त्यावर बसली
आणि पिशवीतून विणायच्या सुया काढल्या.

संसदेनं ठरवलंय, मी क्वेचुआत समजावतो,
तेव्हाचे सैनिक आता म्हातारे झालेत,
कुणाला मधुमेह, कुणाला नातवंडं.
चूकभूल द्यावी घ्यावी.

"चूक?" आत्या म्हणते.
"हिलारियोच्या, तुझ्या बापाच्या स्वेटरात
माझा एक टाका चुकला होता,
डाव्या काखेत. उसवायचा राहूनच गेला.
एकोणतीस वर्षांनी खड्ड्यातून लोकर निघाली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखता?
मी बोट ठेवलं
नेमकं त्या टाक्यावर."

पुलाकडून अश्रुधूर सरकत येतो.
माणसं उठतात. कुणी व्हिनेगरचे बोळे वाटतं,
कुणी आत्याचा दंड धरून ओढतं.

"थांब रे, ओळ पुरी होऊ दे.
माफी मागायला आलं होतं का कुणी?
मी घरीच होते.
बाजाराचा वार सोडला
तर रोज घरीच होते."